कम्युनिटी कॉलेजातून सामाजिक न्याय अभ्यासाची ट्रान्सफर पदवी : कॅलिफोर्नियातील नियोजनाविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कॅलिफोर्नियात स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांकडून आणि महाराष्ट्रातून तिकडे शिकायला जाऊ इच्छिणाऱ्या विद्यार्थ्यांकडून या अभ्यासक्रमाविषयी जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, त्यांची उत्तरे येथे दिली आहेत. शुल्काचे आकडे आणि अर्जांच्या मुदती दरवर्षी थोड्याफार बदलतात. म्हणून प्रत्यक्ष अर्ज करण्यापूर्वी त्या त्या कॉलेजच्या चालू वर्षाच्या कॅटलॉगशी त्या ताडून पाहाव्यात.

ही पदवी नेमकी काय आहे?

कॅलिफोर्नियातील सार्वजनिक उच्च शिक्षण १९६० च्या मास्टर प्लॅनपासून तीन स्तरांत विभागलेले आहे. पायाशी ११६ कम्युनिटी कॉलेजे आहेत. त्यांच्या वर कॅलिफोर्निया स्टेट युनिव्हर्सिटी, म्हणजे सीएसयू, आणि युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया, म्हणजे यूसी, या दोन विद्यापीठ-यंत्रणा आहेत. पहिली दोन वर्षे कम्युनिटी कॉलेजात आणि पुढची दोन विद्यापीठात काढून चार वर्षांची पदवी घेण्याचा मार्ग जुनाच आहे; परंतु कॉलेजात घेतलेले विषय विद्यापीठ मान्य करील की नाही याची खात्री नसल्यामुळे अनेकांची वर्षे वाया जात असत. यावर तोडगा म्हणून २०१० साली एसबी १४४० हा कायदा झाला आणि ‘असोसिएट डिग्री फॉर ट्रान्सफर’ (पुढे विद्यापीठात जाण्यासाठी आखलेली दोन वर्षांची पदवी) हा पदवीचा नवा प्रकार अस्तित्वात आला. सामाजिक न्याय अभ्यास हा त्या प्रकारातील एक विषय आहे.

या विषयाची चौकट राज्यभर समान असते. सामाजिक न्यायाची ओळख, वंश आणि वांशिकता, आणि लिंगभाव हे तिच्या गाभ्यातील विषय आहेत. उरलेले विषय इतिहास, शासनव्यवस्था, मानव्यविद्या, सामाजिक शास्त्रे आणि संशोधनपद्धती यांच्या यादीतून निवडायचे असतात. काही कॉलेजे ही पदवी लिंगभाव अभ्यास, एथ्निक स्टडीज (वांशिक समूहांचा अभ्यास) किंवा एलजीबीटीक्यू अभ्यास अशा जोडनावाने देतात, तर काही कॉलेजांत ती मुळातच नसते. त्यामुळे घराजवळचे कॉलेज निवडण्यापूर्वी तिथे ही पदवी उपलब्ध आहे का, हे पाहणे आवश्यक आहे.

प्रवेशाची हमी मिळते असे म्हणतात. ती नेमकी कशाची?

हा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे, आणि सर्वाधिक गैरसमजही याच बाबतीत आढळतात. ही पदवी किमान २.० जीपीएसह (सरासरी श्रेणीगुणांसह) पूर्ण करणाऱ्या विद्यार्थ्याला सीएसयू यंत्रणेत कुठे तरी तिसऱ्या वर्षात प्रवेश मिळण्याची हमी आहे. मात्र विशिष्ट कॅम्पसची हमी त्यात नाही आणि विशिष्ट मेजरची, म्हणजे मुख्य विषयाचीही नाही. सॅन डिएगो किंवा लाँग बीचसारख्या मागणी असलेल्या कॅम्पसला प्रत्यक्षात बराच वरचा जीपीए लागू शकतो. अर्ज केलेल्या एकाही कॅम्पसने प्रवेश दिला नाही, तर जागा शिल्लक असलेल्या दुसऱ्या कॅम्पसकडे अर्ज वळवला जातो. तो कॅम्पस घरापासून चारशे मैलांवर असू शकतो, आणि आईवडिलांकडे राहून शिकण्याचा हिशेब केलेल्या विद्यार्थ्याला तसल्या हमीचा उपयोग नसतो.

हमीचा दुसरा भाग असा की, विद्यापीठात गेल्यावर उरलेल्या ६० सेमिस्टर युनिटांत (श्रेयांकांत) बॅचलर पदवी पूर्ण करता आली पाहिजे. परंतु संबंधित कॅम्पसने आपले जे मेजर सामाजिक न्याय अभ्यासाशी ‘समान’ म्हणून जाहीर केलेले असेल, त्यालाच हे लागू होते. एका कॅम्पसवर समाजशास्त्र या यादीत असेल आणि दुसऱ्यावर नसेल, असे होऊ शकते. यादी सीएसयूकडून प्रसिद्ध होते व ती कॅम्पसनिहाय वाचावी लागते.

मग नियोजनाची सुरुवात कुठून करावी?

शेवटापासून. अंतिम पदवी कोणत्या कॅम्पसवरून आणि कोणत्या मेजरमध्ये घ्यायची, अशी तीन-चार ठिकाणे आधी ठरवावीत, त्या प्रत्येकाच्या पहिल्या दोन वर्षांच्या अपेक्षा काढाव्यात आणि त्यांवरून उलट मोजत कॉलेजच्या पहिल्या सेमिस्टरपर्यंत यावे. बहुतेक विद्यार्थी याच्या उलट करतात : कॉलेजच्या यादीत आकर्षक वाटलेले विषय घेत जातात आणि दुसऱ्या वर्षाच्या ऑक्टोबरमध्ये विद्यापीठाचा अर्ज उघडल्यावर त्यांना कळते की हव्या असलेल्या मेजरला संख्याशास्त्र लागत होते.

उलट मोजणीसाठी असिस्ट हे राज्याचे अधिकृत संकेतस्थळ आहे. आपले कॉलेज आणि हवे ते विद्यापीठ निवडले की कोणता विषय तिकडच्या कोणत्या विषयाच्या बरोबरीचा मानला जातो, हे तिथे दिसते. मित्राच्या अनुभवावर किंवा व्हॉट्सॲप गटातील सल्ल्यावर विसंबण्यापेक्षा तिथला करार वाचलेला बरा. त्याच कॉलेजातून त्याच कॅम्पसला गेलेल्या मित्राचे मेजर वेगळे असेल, तर त्याची यादी आपल्या उपयोगाची नसते.

त्यानंतर कॉलेजच्या काउन्सेलरची वेळ घेऊन सर्व सेमिस्टरांचा लेखी शैक्षणिक आराखडा करून घ्यावा. काउन्सेलरकडे जाणे म्हणजे काही अडचण असल्याची कबुली, असा एक संकोच आपल्याकडे दिसतो. तिथे ते कॉलेजचे नेहमीचे काम आहे. सेमिस्टरच्या पहिल्या दोन आठवड्यांत मात्र गर्दी फार असते, त्यामुळे मधल्या आठवड्यांत वेळ घ्यावी. एकापेक्षा अधिक काउन्सेलरांना भेटण्यासही हरकत नाही. वेगवेगळी उत्तरे मिळाल्यास कॅटलॉगमधील मजकूर प्रमाण मानावा.

एकूण ६० युनिटांची बेरीज कशी होते?

मेजरचे विषय किमान १८ युनिटांचे असतात आणि सामान्य शिक्षणाचा साचा ३४ युनिटांचा असतो. ही बेरीज ५२ होते. परंतु अनेक विषय दोन्हीकडे मोजले जात असल्याने प्रत्यक्ष आकडा त्याहून कमी भरतो. उरलेली जागा सीएसयूला चालणाऱ्या कोणत्याही ऐच्छिक विषयांनी भरता येते. ही मोकळी जागा हेच या पदवीचे खरे वैभव आहे, आणि ती भरताना सर्वांत कमी विचार केला जातो. हव्या असलेल्या यूसी मेजरची पूर्वतयारी, एखादी परकीय भाषा, किंवा संशोधनपद्धतीचा विषय येथे बसवावा.

मेजरच्या प्रत्येक विषयात किमान सी श्रेणी लागते. ज्या कॉलेजकडून पदवी घ्यायची, तिथे किमान १२ युनिटे पूर्ण केलेली असावी लागतात. बाकीची दुसऱ्या कॉलेजांतून आणता येतात.

कॅल-जीईटीसी म्हणजे काय? जुने विद्यार्थी आयजेट्सी असे काही तरी म्हणतात.

पूर्वी सामान्य शिक्षणाचे दोन साचे होते, एक सीएसयूसाठी आणि दुसरा, म्हणजेच हा आयजेट्सी, दोन्ही यंत्रणांसाठी. २०२१ च्या एबी ९२८ या कायद्याने दोहोंसाठी एकच साचा ठरवण्यास सांगितले, आणि २०२५ च्या फॉल (शरद ऋतूतील) सेमिस्टरपासून प्रवेश घेणाऱ्यांसाठी कॅल-जीईटीसी हा तो साचा लागू झाला. त्यात इंग्रजी लेखन, चिकित्सक विचार आणि मौखिक संवाद मिळून ९ युनिटे, गणिती विचाराची ३, कला व मानव्यविद्यांची ६, सामाजिक शास्त्रांची ६, प्रयोगशाळेसह विज्ञानाची ७ आणि एथ्निक स्टडीजची ३ युनिटे येतात. जुन्या साच्यातील इंग्रजीतर भाषेची अट यात नाही. प्रत्येक विषयात किमान सी श्रेणी हवी. सी-वजा येथे चालत नाही. २०२५ च्या फॉलआधीपासून शिकत असलेल्यांना त्यांच्या प्रवेशवर्षाचे नियम लागू राहू शकतात, परंतु मध्ये शिक्षणात खंड पडला असल्यास ते आपोआप गृहीत धरू नये.

मेजरमधला वंशविषयक अभ्यासक्रम एथ्निक स्टडीजच्या अटीसाठी चालेल का?

बहुतेक वेळा नाही, आणि या मेजरचे विद्यार्थी नेमके येथेच फसतात. एथ्निक स्टडीजची अट मूळ अमेरिकी, आफ्रिकी-अमेरिकी, आशियाई-अमेरिकी आणि लॅटिनो-अमेरिकी या चार समूहांच्या अभ्यासाशी बांधलेली आहे, आणि अभ्यासक्रम एथ्निक स्टडीज किंवा तत्सम विभागाच्या नावाखाली नोंदलेला असावा लागतो. समाजशास्त्र विभागातील ‘वंश आणि वांशिकता’ हा विषय मेजरच्या गाभ्यात मोजला जातो, सामाजिक शास्त्रांच्या रकान्यातही बसू शकतो, पण केवळ आशय जवळचा आहे म्हणून एथ्निक स्टडीजच्या रकान्यात बसत नाही.

ही अट कुठून आली हे जाणून घेणे या विषयाच्या विद्यार्थ्याला शोभणारे आहे. ६ नोव्हेंबर १९६८ रोजी सॅन फ्रान्सिस्को स्टेट कॉलेजात ब्लॅक स्टुडंट्स युनियन आणि थर्ड वर्ल्ड लिबरेशन फ्रंट या विद्यार्थी संघटनांनी सुरू केलेला संप मार्च १९६९ पर्यंत चालला आणि त्यातून तिथे एथ्निक स्टडीजचा स्वतंत्र विभाग उभा राहिला. त्याच मागणीची एक लांबलेली परिणती म्हणजे २०२० चा एबी १४६० हा कायदा, ज्याने सीएसयूच्या प्रत्येक पदवीधराला या विषयाची ३ युनिटे अनिवार्य केली. कम्युनिटी कॉलेजेही या इतिहासात मागे नव्हती. ह्यूई न्यूटन आणि बॉबी सील यांची ओळख ओकलंडच्या मेरिट कॉलेजात झाली, आणि १९६६ मध्ये त्यांनी कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणारा ब्लॅक पँथर पक्ष स्थापन केला. सिटी कॉलेज ऑफ सॅन फ्रान्सिस्कोमध्ये १९८९ साली गे आणि लेस्बियन अभ्यासाचा देशातील पहिला विभाग सुरू झाला.

गणित टाळता येईल का?

टाळता येत नाही, पण योग्य गणित निवडता येते. कॅल-जीईटीसीचा गणिताचा रकाना संख्याशास्त्राने भरतो, आणि या मेजरसाठी तोच पर्याय सर्वांत उपयोगी आहे, कारण समाजशास्त्र, सार्वजनिक आरोग्य, राज्यशास्त्र अशा अनेक जवळच्या मेजरना पुढे तेच लागते. २०१७ च्या एबी ७०५ कायद्यानंतर विद्यार्थ्यांना पूर्वीसारखे पायाभूत गणिताच्या वर्गांत वर्षभर अडकवून ठेवले जात नाही. थेट ट्रान्सफर पातळीच्या वर्गात, गरज असल्यास सोबतच्या साहाय्यक वर्गासह, प्रवेश मिळतो. हा विषय पहिल्याच वर्षी उरकावा.

यूसीला जायचे असेल तर ही पदवी पुरेशी आहे का?

सीएसयूसारखी सरसकट हमी यूसीमध्ये नाही. यूसीची किमान पात्रता वेगळी आहे : ६० सेमिस्टर युनिटे, रहिवाशांसाठी २.४ आणि अनिवासींसाठी २.८ जीपीए, आणि इंग्रजीचे दोन, गणिताचा एक व इतर चार असे एकूण सात विषय. स्पर्धा या किमान रेषेच्या बरीच वर चालते. परंतु डेव्हिस, अर्व्हाइन, मर्सेड, रिव्हरसाइड, सांता बार्बरा आणि सांता क्रूझ हे सहा कॅम्पस कम्युनिटी कॉलेजच्या विद्यार्थ्यांना ‘टॅग’ नावाची प्रवेशहमी देतात. तिचा अर्ज १ ते ३० सप्टेंबर या काळात, मुख्य अर्जाच्या आधी, भरावा लागतो आणि तो एकाच कॅम्पससाठी भरता येतो. बर्कली, लॉस एंजेलिस आणि सॅन डिएगो या योजनेत नाहीत.

टॅगच्या अटी कॅम्पस आणि मेजरनुसार बदलतात व त्यातला जीपीए किमान पात्रतेपेक्षा जास्त असतो. तरीही सप्टेंबर महिना चुकवू नये. हमीचा एक कॅम्पस हाताशी ठेवून बर्कली किंवा लॉस एंजेलिसला स्वतंत्रपणे अर्ज करणे हाच शहाणपणाचा मार्ग वाटतो.

यूसीच्या अर्जात ३५० शब्दांपर्यंतची चार छोटी उत्तरे लिहायची असतात. त्यातील एक प्रश्न ट्रान्सफरच्या सर्व विद्यार्थ्यांना अनिवार्य असून तो मेजरच्या तयारीविषयी असतो. सामाजिक न्यायाविषयीची तळमळ सगळेच लिहितात. त्याऐवजी कोणत्या वर्गात कोणता प्रश्न हाती घेतला, कोणती माहिती गोळा केली आणि त्यातून मत कसे बदलले, हे लिहिणाऱ्याचे उत्तर लक्षात राहते.

पुढे कोणते मेजर घेता येतात?

एथ्निक स्टडीज, लिंगभाव आणि स्त्री-अभ्यास, चिकानो (मेक्सिकन-अमेरिकी) अभ्यास, आफ्रिकाना (आफ्रिकी वंशाच्या लोकांचा) अभ्यास, समाजशास्त्र आणि विधी-अभ्यास हे नेहमीचे मार्ग आहेत. सॅन डिएगो स्टेट हे १९७० साली देशातील पहिला स्त्री-अभ्यास कार्यक्रम सुरू केल्याबद्दल ओळखले जाते. समाजकार्याच्या बॅचलर पदवीकडे जायचे असल्यास आधीच सावध व्हावे, कारण तिच्या पूर्वअटी अनेक ठिकाणी स्वतंत्र असतात आणि समाजकार्याची ट्रान्सफर पदवीही वेगळी आहे. मानसशास्त्राबाबतही तसेच. मन या दोहोंपैकी एकाकडे ओढ घेत असेल, तर केवळ नाव आवडले म्हणून सामाजिक न्याय अभ्यासाची पदवी घेऊ नये. त्यातील एक-दोन विषय ऐच्छिक म्हणून घ्यावेत.

दोन वर्षांत हे सर्व बसते का?

पूर्णवेळ विद्यार्थी म्हणून १२ युनिटे पुरतात, पण दोन वर्षांत ६० पूर्ण करायची तर दर सेमिस्टरला १५ लागतात, अन्यथा उन्हाळी सत्र घ्यावे लागते. नोकरी करणाऱ्याने तीन वर्षे धरून चालावे आणि त्यात कमीपणा मानू नये. १५ युनिटे म्हणजे वर्ग आणि अभ्यास मिळून आठवड्याला सुमारे ४५ तासांचे काम होय.

दोन वर्षांच्या आराखड्यात पहिल्या फॉलमध्ये इंग्रजी लेखन, सामाजिक न्यायाची ओळख, संख्याशास्त्र आणि मौखिक संवाद. स्प्रिंगमध्ये (वसंत ऋतूतील सत्रात) चिकित्सक विचार, एथ्निक स्टडीज, वंश आणि वांशिकता, आणि एक विज्ञान. मधल्या उन्हाळ्यात एक मानव्यविद्येचा विषय, अशी मांडणी बहुतेकांना झेपते. तिचा फायदा असा की दुसऱ्या वर्षाच्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये, जेव्हा दोन्ही यंत्रणांचे फॉल प्रवेशाचे अर्ज स्वीकारले जातात, तेव्हा इंग्रजी आणि गणिताच्या श्रेणी हाती आलेल्या असतात. लिंगभावाचा विषय, यादीतील उरलेले विषय आणि दुसरे विज्ञान दुसऱ्या वर्षात येतात. काही विषय कॉलेजे वर्षातून एकदाच देतात, आणि छोट्या विभागांत पुरेसे विद्यार्थी न आल्यास वर्ग रद्दही होतो. या मेजरच्या बाबतीत ही भीती खरी आहे. म्हणून गाभ्याचा कोणताही विषय शेवटच्या सेमिस्टरवर ठेवू नये.

डी अँझासारख्या क्वार्टर पद्धतीच्या (सेमिस्टरऐवजी वर्षात अधिक, छोटी सत्रे असलेल्या) कॉलेजात हिशेब बदलतो का?

आकडे बदलतात, तत्त्व तेच राहते. बे एरियातील (सॅन फ्रान्सिस्को परिसरातील) अनेक मराठी मुले ज्या कॉलेजांत जातात, त्यांपैकी डी अँझा आणि फुटहिल ही क्वार्टर पद्धतीची आहेत. तिथे ६० ऐवजी ९० युनिटे लागतात. अडचण येते ती ओलोनी किंवा मिशनसारख्या सेमिस्टर कॉलेजात मध्येच विषय घेतल्यावर : क्वार्टरची ३ युनिटे सेमिस्टरची २ होतात आणि एखाद्या रकान्यात एक युनिट कमी पडल्याचे उशिरा लक्षात येते. दोन कॉलेजांत विषय घ्यायचे असतील तर रूपांतरित बेरीज प्रत्येक सत्रानंतर करून ठेवावी.

खर्च किती येतो, आणि एच-४ व्हिसावरील (एच-१बी नोकरी-व्हिसाधारकांच्या) मुलांना रहिवासी शुल्क लागू होते का?

कॅलिफोर्नियाच्या रहिवाशांसाठी कम्युनिटी कॉलेजचे शुल्क प्रति सेमिस्टर युनिट ४६ डॉलर आहे. म्हणजे ३० युनिटांच्या वर्षाला १,३८० डॉलर, अधिक आरोग्य व इतर छोटी शुल्के. तुलनेसाठी, सीएसयूचे २०२५-२६ चे मूळ वार्षिक शिक्षणशुल्क ६,४५० डॉलर आहे. अनिवासींना कम्युनिटी कॉलेजातही रहिवाशांच्या कितीतरी पट शुल्क पडते, त्यामुळे रहिवासी ठरणे किंवा न ठरणे हा खर्चाच्या हिशेबातील सर्वांत मोठा आकडा असतो.

रहिवासी ठरण्यासाठी सत्र सुरू होण्यापूर्वी एक वर्ष आणि एक दिवस राज्यात वास्तव्य आणि इथेच राहण्याचा हेतू दाखवावा लागतो. एच-१बी आणि एच-४ धारकांना असे वास्तव्य प्रस्थापित करता येते; एफ-१ (विद्यार्थी व्हिसा) धारकांना येत नाही. यातील धोक्याची जागा एकविसावा वाढदिवस आहे. ग्रीन कार्डच्या रांगेत असलेल्या पालकांच्या मुलाचा एच-४ दर्जा त्या दिवशी संपतो, त्याला बहुधा एफ-१ घ्यावा लागतो, आणि त्याबरोबर शुल्काचा वर्गही बदलू शकतो. अठराव्या वर्षी कॉलेज सुरू केलेल्या मुलाचे विद्यापीठातील शेवटचे वर्ष याच सुमारास येते. म्हणून अशा घरांनी नियोजन करताना मुलाच्या जन्मतारखेपासून सुरुवात करावी, आणि कॉलेज तसेच विद्यापीठ या दोन्हींच्या रहिवास-निर्धारण अधिकाऱ्याशी व स्थलांतर-वकिलाशी आधीच बोलावे.

२००१ चा एबी ५४० हा कायदा कॅलिफोर्नियाच्या शाळांत तीन वर्षे शिकलेल्यांना अनिवासी शुल्कातून सूट देतो, परंतु वैध बिगर-स्थलांतरित व्हिसावर असलेल्यांना ती सहसा मिळत नाही. या कायद्याचे नाव ऐकून निर्धास्त झालेली घरे बरीच आहेत.

आर्थिक साहाय्य कोणते मिळते?

नागरिक आणि ग्रीन कार्डधारकांनी फाफ्सा हा संघराज्याच्या साहाय्याचा अर्ज भरावा. कागदपत्रे नसलेल्या पण एबी ५४० च्या कक्षेत येणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी कॅलिफोर्निया ड्रीम ॲक्टचा वेगळा अर्ज आहे. उत्पन्नाच्या निकषात बसणाऱ्या रहिवाशांचे प्रति युनिट शुल्क कॅलिफोर्निया कॉलेज प्रॉमिस ग्रँटमधून माफ होते. त्याखेरीज प्रथमच कॉलेजात येणाऱ्या पूर्णवेळ विद्यार्थ्यांना अनेक कॉलेजे दोन वर्षांपर्यंत शुल्कमाफी देतात. संघराज्याच्या पेल ग्रँटला आयुष्यभरात १२ पूर्णवेळ सेमिस्टरांची मर्यादा आहे, त्यामुळे कॉलेजात चार वर्षे रेंगाळल्यास विद्यापीठात ती अपुरी पडू शकते. राज्याच्या कॅल ग्रँटची मुख्य मुदत २ मार्च असते. एच-४ आणि एफ-१ धारकांना संघराज्याचे साहाय्य मिळत नाही.

महाराष्ट्रातून थेट एफ-१ व्हिसावर हा मार्ग घ्यावा का?

घेता येतो, पण डोळे उघडे ठेवून. अनेक कॉलेजे आंतरराष्ट्रीय विद्यार्थ्यांना आय-२० (व्हिसासाठी लागणारे कॉलेजचे पत्र) देतात. दर सत्राला किमान १२ युनिटे घ्यावी लागतात आणि पूर्णवेळ भार मोजताना एकच ऑनलाइन विषय धरला जातो. त्यामुळे स्वस्त ऑनलाइन वर्गांवर सगळे भागवण्याचा बेत चालत नाही. अनिवासी शुल्क आणि बे एरियातील घरभाडे धरले, तर ‘स्वस्त अमेरिकी पदवी’ हे चित्र बरेच बदलते.

नोकरीच्या बाजूनेही विचार हवा. पदवीनंतरचे ऐच्छिक व्यावहारिक प्रशिक्षण प्रत्येक शैक्षणिक पातळीला १२ महिन्यांचे असते. विज्ञान-तंत्रज्ञानाच्या पदवीधरांना मिळणारी २४ महिन्यांची वाढ या मेजरला सहसा लागू होत नाही. केवळ अमेरिकेत नोकरी मिळवण्यासाठी हा विषय निवडणे हिशेबात बसत नाही. विषयातच रस असेल, आणि पुढे संशोधन, कायदा किंवा भारतात परतून काम करण्याचा विचार असेल, तर गोष्ट वेगळी.

बारावीचे गुण किंवा भारतातील पदवीची वर्षे मोजली जातात का?

बारावीला युनिटे मिळत नाहीत. भारतीय विद्यापीठात पूर्ण केलेल्या विषयांचे मान्यताप्राप्त संस्थेकडून मूल्यमापन करून घेतल्यास कॉलेज काही युनिटे ऐच्छिक म्हणून किंवा कॉलेजच्या स्थानिक (ट्रान्सफर नसलेल्या) पदवीसाठी मान्य करू शकते, परंतु सामान्य शिक्षणाच्या साच्यात ती सहसा बसत नाहीत. एक सवलत मात्र मराठी माध्यमातून शिकलेल्यांनी विचारून घ्यावी : विद्यापीठाच्या ज्या शाखांना इंग्रजीतर भाषेची अट आहे, तिथे सहावीपासून पुढे इंग्रजीखेरीज दुसऱ्या माध्यमात झालेले शालेय शिक्षण पुरावा म्हणून चालू शकते. शाळेचा दाखला आणि गुणपत्रके त्यासाठी जपून ठेवावीत.

जातीचा प्रश्न या अभ्यासक्रमात येतो का?

पाठ्यक्रमाच्या चौकटीत तो स्वतंत्र विषय म्हणून नाही. प्राध्यापकावर बरेच अवलंबून असते. मात्र कॅलिफोर्नियात हा प्रश्न आता दूरचा राहिलेला नाही. सीएसयूने जानेवारी २०२२ मध्ये आपल्या भेदभावविरोधी धोरणात जातीचा उल्लेख केला. जातिभेदाला कायद्याने स्पष्ट मनाई करणारे एसबी ४०३ हे विधेयक २०२३ मध्ये विधिमंडळात संमत झाले, पण विद्यमान कायदे पुरेसे आहेत असे सांगत गव्हर्नर गॅव्हिन न्यूसम यांनी ऑक्टोबरमध्ये त्यावर नकाराधिकार वापरला. या विधेयकावरून भारतीय कुटुंबांमध्येच टोकाची मतभिन्नता होती, आणि टर्म पेपरसाठी इतका जिवंत विषय दुसरा सापडणे कठीण.

मराठी वाचणाऱ्या विद्यार्थ्याकडे येथे एक जमेची बाजू असते. महात्मा फुले यांनी १८७३ साली आपला गुलामगिरीवरील ग्रंथ गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या अमेरिकी लोकांना अर्पण केला, डॉ. आंबेडकर १९१३ ते १९१६ या काळात न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकले. आणि ओकलंडच्या ब्लॅक पँथरांपासून प्रेरणा घेऊन १९७२ साली मुंबईत दलित पँथरची स्थापना झाली. या दुव्यांवरील बरेच मूळ साहित्य मराठीत आहे आणि वर्गातील इतरांना ते बहुधा वाचता येत नाही. संशोधनाचा विषय निवडताना ही गोष्ट लक्षात असू द्यावी. दुसरीकडे, आपल्या घरातील अनुभव हाच सर्वांचा अनुभव असल्यासारखे लिहिण्याचा मोहही येथेच होतो. चांगला प्राध्यापक त्यावर लाल शेरा मारतो.

या पदवीनंतर नोकरी काय मिळणार, असे आईवडील विचारतात.

प्रश्न रास्त आहे. दोन वर्षांची ही पदवी ट्रान्सफरसाठी आखलेली आहे. तिच्या एकटीच्या बळावर मिळणाऱ्या नोकऱ्या मर्यादित असतात. बॅचलर पदवीनंतर स्वयंसेवी संस्था, स्थानिक प्रशासन, विद्यापीठातील विद्यार्थी-सेवा, कामगार संघटना अशी क्षेत्रे खुली होतात. परवानाधारक समाजकार्यकर्ता होण्यासाठी समाजकार्यातील मास्टर्स लागते. विधी महाविद्यालयांना विशिष्ट मेजर लागत नाही, पण भरपूर लेखन केलेला विद्यार्थी तिथे टिकतो. शाळेत शिकवायचे असल्यास शिक्षकी प्रमाणपत्र वेगळे घ्यावे लागते. २०२१ च्या एबी १०१ कायद्याने शाळांत एथ्निक स्टडीज अनिवार्य करण्याचे ठरवले असले, तरी त्याची सक्ती राज्याच्या निधीवर अवलंबून ठेवलेली आहे, म्हणून त्यावर करिअरचा इमला रचू नये. ऐच्छिक युनिटांत संख्याशास्त्राचा पुढचा भाग, नकाशा-माहितीप्रणाली किंवा हिशेब-लेखनाचा एखादा विषय घेतलेल्या विद्यार्थ्याला पहिली नोकरी शोधताना त्याचा उपयोग होतो, असे आमचे मत आहे.

एखाद्या विषयात श्रेणी घसरली तर?

मुदतीच्या आत वर्ग सोडल्यास नोंदीवर डब्ल्यू येतो आणि जीपीएवर परिणाम होत नाही. मात्र डब्ल्यूंची रांग लागली तर आर्थिक साहाय्य धोक्यात येते, आणि एफ-१ धारकाने आंतरराष्ट्रीय कार्यालयाच्या परवानगीशिवाय १२ युनिटांखाली जाता कामा नये. डी किंवा एफ आल्यास विषय पुन्हा घेता येतो व कॉलेजच्या नियमानुसार नवी श्रेणी जीपीएसाठी धरली जाते. सी मिळालेला विषय केवळ श्रेणी सुधारण्यासाठी पुन्हा घेता येत नाही, हे अनेकांना ठाऊक नसते.

अर्ज केल्यानंतर काय उरते?

बरेच काही. पदवी आपोआप मिळत नाही. तिच्यासाठी कॉलेजकडे वेगळा अर्ज करावा लागतो आणि त्याची मुदत बहुधा शेवटच्या स्प्रिंगच्या सुरुवातीला असते. सीएसयूच्या अर्जात आपण ट्रान्सफर पदवी घेत असल्याची खूण केलेली असावी आणि कॉलेजने त्याची पडताळणी केलेली असावी, नाही तर हमी लागू होत नाही. सामान्य शिक्षणाचा साचा पूर्ण झाल्याचे प्रमाणन शेवटच्या कम्युनिटी कॉलेजकडून मागून घ्यावे लागते. ते गेले नाही तर विद्यापीठ आपले स्वतःचे सामान्य शिक्षणाचे विषय पुन्हा घ्यायला लावू शकते. ज्या ज्या कॉलेजात एखादा तरी विषय घेतला, उन्हाळ्यातला असला तरी, त्या सर्वांची अंतिम गुणपत्रके उन्हाळ्यातच, विद्यापीठाने दिलेल्या तारखेच्या आत पोहोचली पाहिजेत. अर्जात लिहिलेला एखादा स्प्रिंगचा विषय बदलला किंवा सोडला, तर प्रवेश देणाऱ्या कॅम्पसला लगेच लेखी कळवावे. यूसीला प्रवेश स्वीकारल्याचे कळवण्याची नेहमीची तारीख १ जून आहे. वसतिगृहाचा अर्ज मात्र अनेक ठिकाणी त्याच्या आधीच भरावा लागतो.